पावसाळाभर बंद राहणारं गावचं घर

प्रश्न : आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. पुढचा भाग जुना, चिऱ्याचा आणि कौलारू. मागे स्लॅबचा नवा भाग, त्यात स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम. मे महिना तिथे काढतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात कुलूप लावून डोंबिवलीला येतो आणि गणपतीला दार उघडतो. गेल्या वर्षी उघडलं तर गाद्यांवर हिरवी बुरशी, फ्रिजला असह्य वास, इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आणि ओटीच्या चौकटीला वाळवी. थोरले दीर म्हणतात, फटी बुजवून, प्लास्टिक लावून घर पक्कं बंद करा. सासूबाई म्हणतात, बंद केलं म्हणूनच कुजलं. कोणाचं ऐकू? हवेतली ओल काढणारं डीह्युमिडिफायर मशीन घेऊ का? देवघरात आजेसासऱ्यांच्या जुन्या पोथ्या आहेत, त्यांनाही ठिपके पडलेत. त्यांचं काय करावं?

उत्तर : कौल सासूबाईंच्या बाजूने, पण अर्धाच. दिरांचं म्हणणं खोल्यांना लागू नाही, ट्रंकेला मात्र तंतोतंत लागू आहे.

बुरशीला गळकं छप्पर लागत नाही. एखाद्या पृष्ठभागाला लागून असलेली हवा काही दिवस सलग पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांहून दमट राहिली, की धूळ, घामाचे डाग, कपड्यातली खळ यांवर ती उगवते. जुलैत कोकणातली बाहेरची हवाच २६-२७ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे खिडक्या उघडून घर कोरडं होणार नाही. पण बंद करून तर आणखी ओलं होतं, कारण चिरा सच्छिद्र दगड आहे. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसली की तो पाणी पितो आणि आतल्या बाजूने हळूहळू सोडतो. जमिनीतूनही ओल चढत असते. ही वाफ बंद खोलीत कोंडते आणि जिथे हवा हलत नाही तिथे, म्हणजे कपाटाच्या पाठीमागे, गादीच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यात, जाऊन बसते. कपड्यांचं उलटं आहे. ते कोरडे असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात गेले तर बाहेरची ओल आत शिरायला वाटच राहत नाही. म्हणून खोली मोकळी ठेवायची आणि डबा बंद.

तुमच्या घराचा जुना भाग बंद ठेवण्यासाठी बांधलेलाच नाही, हेही लक्षात घ्या. तिथे रोज चूल पेटायची, धूर माळ्यावरून वाशांमधून कौलांच्या फटींनी बाहेर जायचा, लाकूड सुकं राहायचं आणि किडा-भुंगा लांब. चूल गेली, माणसंही गेली. चुलीचं काम आता दुसऱ्या कशाने तरी भागवायचं आहे.

आधी तारीख ठरवा. जूनचा पहिला आठवडा उशिराचा आहे. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन ठेपला. पॅकिंग मेअखेरवर ठेवलेल्यांना त्या वर्षी कडक ऊन मिळालंच नसणार. गाद्या, गोधड्या, कपडे, लाकडी सामान यांचं वाळवणं-बांधणं १५ ते २० मेच्या दरम्यान उरका. शेवटचे आठ-दहा दिवस दोन चादरी आणि चटयांवर काढा. यंदा, म्हणजे २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. त्यामुळे घर अडीच-पावणेतीन नाही, सव्वातीन महिने बंद राहणार.

वरची बाजू. कौलं एप्रिलमध्येच चाळून घ्या. फुटकी, तडकलेली बदला, सरकलेली बसवा, आढ्यावरच्या कोन्यांचा (सांधा झाकणाऱ्या कौलांचा) सिमेंट-चुना सुटला असेल तर पुन्हा भरा. वीस-पंचवीस कौलं माळ्यावर जादा ठेवा, पावसात बाजारातून आणण्याची वेळ नको. माड किंवा आंब्याची फांदी छपरावर आली असेल तर ती आत्ताच उतरवा. पानं कौलांत अडकतात, पाणी उलटं फिरतं आणि गळती भलतीकडेच दिसते. स्लॅबचं दुखणं वेगळं. त्याच्या गळतीचं सर्वांत साधं कारण म्हणजे पाणी जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जमलेला पाचोळा. दोन तोंडं बुजली की स्लॅबवर तळं होतं आणि मग केसाएवढी भेगही पुरते. तोंडांवर घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळी लावू नका, तिच्यावर एकच पान बसलं की काम संपलं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. ती बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत भिंतीवर उतरतं.

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला जुन्या पद्धतीने झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायचे. ते विणून मिळत नसतील तर हिरवं नेट किंवा पत्रा चालेल, पण भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये हवा खेळली पाहिजे. भिंतीला चिकटवलेलं प्लास्टिक ओल आतच डांबून ठेवतं. आतून ऑइलपेंट असेल तर पुढच्या रंगकामाला तो खरवडून चुन्याची सफेदी द्या. चुना अल्कधर्मी असतो, ताज्या सफेदीवर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंतीला ओल सोडायला वाटही मिळते.

हवा कशी ठेवायची. पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या खिडक्या पक्क्या बंद आणि पूर्व-उत्तरेचे झरोके, खिडक्यांच्या वरच्या फळ्या, बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी उघडी. प्रत्येक उघड्या जागेला ६ मिलिमीटरची लोखंडी किंवा स्टीलची जाळी आणि तिच्यावर डासांची जाळी. नुसती नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. आतली सगळी दारं उघडी ठेवून पाचर मारा, नाहीतर वाऱ्याने आपटून बंद होतात आणि फुगून अडकून बसतात. पलंग, कपाटं, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. रिकामी लाकडी कपाटं आणि ओट्याखालची दारं सताड उघडी. पडदे काढून धुऊन ट्रंकेत.

डीह्युमिडिफायर तुमच्या घराला नको. कौलांच्या प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येते. मशीन समुद्र उपसत बसेल. शिवाय ३०० वॉटचं यंत्र दिवसाला १२ तास चाललं तर महिन्याला सुमारे १०८ युनिट होतात, पाण्याची टाकी भरली की ते आपोआप थांबतं आणि वीज जाऊन आली तर काही मॉडेल पुन्हा सुरूच होत नाहीत. सगळीकडून बंद होणाऱ्या फ्लॅटमध्ये, पाइपने पाणी थेट मोरीत सोडून, ते उत्तम काम देतं. कौलारू घरात नाही. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची युक्तीही कोणी सांगेल. तिच्यात तथ्य आहे. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३१ अंशांवर नेली तर दमटपणा साधारण ७२ टक्क्यांवर येतो. पण रिकाम्या घरात, कापसाशेजारी, तीन महिने तापलेला बल्ब ठेवायला आम्ही सांगणार नाही.

गाद्या आणि कपडे. दहा किलो सुती कपडे-गोधड्या दमट हवेत नुसत्या राहिल्या तर उन्हाळी कोरड्या दिवसापेक्षा अर्धा किलोच्या आसपास जास्त पाणी शोषून बसतात. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी घेतं. म्हणजे २०० ग्रॅमची पिशवी साठ-सत्तर ग्रॅमवर थकते. पुड्यांनी ओले कपडे सुकत नाहीत. खरं काम उन्हाचं, पुडी फक्त राखणदार.

कापसाच्या गाद्या दोन दिवस कडक उन्हात, दर दोन तासांनी उलटून. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सावलीत आणा, तासभर निवू द्या आणि पाचच्या आत बांधा. गरम असतानाच गुंडाळली तर आतली वाफ निवताना तिथेच जिरते. रात्रभर बाहेर राहिली तर दिवसभराचं वाळवण वाया. गादी जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. एवढी मोठी वस्तू हवाबंद होत नाही. कुठून तरी ओल शिरते आणि मग बाहेर पडत नाही. बांधलेली गादी पलंगावर उभी किंवा माळ्यावर दोन रिपांवर. जमिनीला, भिंतीला स्पर्श नको. फोमच्या गाद्यांना थेट ऊन नको, सावलीत वारा पुरे.

कपडे-गोधड्या पत्र्याच्या ट्रंकेत किंवा रबरी कडा असलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात. आधी खळ काढून धुवा. खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. साठ लिटरच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल, पातळ कापडी पिशवीत, सगळ्यात वर. नारिंगी दाण्यांचं घ्या. रंग बदलला की ते भरलं हे कळतं आणि ११०-१२० अंशांवर तापवून परत वापरता येतं. डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशीला त्या काही करत नाहीत. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात चालतात, पण महिना-दीड महिन्यात ते पाण्याने भरतात आणि ते खारं पाणी सांडलं तर लोखंड गंजतं. बदलायला कोणी नसेल तर ठेवू नका. कळीचा चुना वाटीत ठेवायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका, त्यावर गळतीचं पाणी पडलं तर तो भयानक तापतो.

पाट, पोळपाट, सुपं, रोवळ्या घासून, उन्हात वाळवून दांडीला टांगा. विळी-कोयत्याला तेलाचा हात. तांदूळ, कुळीथ, पीठ काहीच मागे ठेवू नका, उंदरांना ते आमंत्रण आहे. चामड्याच्या चपला-पट्टे बरोबर न्या.

फ्रिज. दोन दिवस आधी रिकामा करून बंद करा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून आतून पुसा. वास बहुधा दोन जागी लपतो : दाराच्या रबराच्या घडीत, आणि मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या तबकडीत, जिथे वितळलेलं पाणी जमतं. ती तबकडी ओतून पुसल्याशिवाय जाऊ नका, डासही तिथेच होतात. मग पिन काढा आणि दाराच्या फटीत गुंडाळलेला पंचा बांधून दार चार बोटं उघडं ठेवा. वॉशिंग मशीनचंही असंच : खालचा फिल्टर उघडून पाणी काढा, झाकण उघडं.

इन्व्हर्टर आणि वीज. बॅटरी बहुधा अशी मेली असेल : वीज गेली किंवा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला, तो वर करायला कोणी नव्हतं, घरात दिवा लागलेला नसला तरी इन्व्हर्टर स्वतः थोडा थोडा करंट खात राहिला, बॅटरी तळाला गेली आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहिली. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट कडक बसला की ती परत येत नाही. निघण्याआधी डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तासांनी मल्टिमीटरवर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग इन्व्हर्टर बंद, त्याची पिन बाहेर, बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडा, टोकांना पेट्रोलियम जेली लावा. जोडताना उलट क्रम. सव्वातीन महिन्यांत एकदा, जुलैअखेरीस, कोणीतरी जोडून रात्रभर चार्ज करावी. १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका.

जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा फार. नुसता एमसीबी खाली करून भागत नाही, एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर यांच्या पिना बाहेर, डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढलेली. ओटीचा दिवा आणि पंपाचा सर्किट चालू ठेवायचा असेल तर तो आरसीसीबीतून (वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून) जातो का हे पाहा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून खात्री करा.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. रबरी नळी उंदीर खातात.

पाणी. छपरावरची प्लास्टिकची टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका, वादळात उडते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तशी वेळ पुन्हा येऊ शकते. पाव टाकी पाणी, झाकण तारेने बांधलेलं, बाहेर पडणारा व्हॉल्व्ह बंद. न्हाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा पाण्याचा सापळा) आणि संडासच्या सापळ्यातलं पाणी आटलं की झुरळं आणि सेप्टिक टँकचा वास घरात येतो. प्रत्येकात बादलीभर पाणी ओता, वर दोन-तीन चमचे खाद्यतेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. न्हाणी ट्रॅपच्या जाळीवर चपटा दगड. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपवर डासांची जाळी आहे ना, तेही बघा.

वाळवी. मातीच्या नळ्या खरवडल्याने ती जात नाही, वस्ती जमिनीत असते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध लिटरमागे २.१ मिलिलिटर या प्रमाणात, भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडून, एका भोकात लिटरपर्यंत सोडतात आणि भोक सिमेंटने बुजवतात. चौकटीभोवतीही तसंच. हे परवानाधारक माणसाकडून आणि एप्रिलमध्ये करून घ्या. ओल्या जमिनीत औषध पसरत नाही. विहीर घराला लागून असेल तर ते आधी सांगा, त्या बाजूला औषध सोडायचं नाही. सरपणाचा ढीग भिंतीला लावलेला असेल तर तो हलवा. वाळवीला पाहुणी म्हणून बोलवायचं असेल तर त्या ढिगाहून चांगली सोय नाही.

येऊन बघणारं माणूस. चुलीची जागा खरं तर यानेच भरते. वाडीतल्या कोणाला तरी किल्ली द्या, पण जूनअखेर ते जुलै मध्यापर्यंत लावणीच्या धांदलीत त्यांना वेळ मागू नका. आपण नुसतं 'बघून या' म्हणतो, म्हणून काय बघायचं ते कागदावर लिहून द्या आणि कामाचे पैसे ठरवा. भिडेखातर केलेलं काम जुलैत राहून जातं. एरवी दर पंधरा-वीस दिवसांनी, उघडीप मिळेल त्या दिवशी, दुपारी दोन-तीन तास दारं-खिडक्या उघडायच्या आणि पंखे चालू करायचे. स्लॅबवरची तोंडं मोकळी करायची, छताला नवा ओला डाग दिसतो का बघून फोटो पाठवायचा, न्हाणीत पाणी ओतायचं, पंप पाच मिनिटं चालवायचा. महिनोन् महिने उभा राहिलेला पंप जाम होतो. श्रावणातल्या उन्हात गाद्यांना तासभर हवा मिळाली तर फारच छान.

गणपतीला दार उघडताना हातात टॉर्च आणि काठी. अडगळीत, न्हाणीत, गादीच्या घडीत घोणस-मण्यारीची शक्यता धरून चाला. आधी सगळ्या खिडक्या, मग वास घ्या, मग वीज. बोर्डात ओल दिसली तर मेन स्विच लावू नका. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. पावसाळ्यात कोकणात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. हातमोजे, मास्क, लेंड्यांवर ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी), दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने उचला. लाकडावरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून लगेच पुसा आणि सुकवा. ब्लीच लाकडात मुरत नाही, नुसता रंग घालवतं. गीझर लावण्याआधी गरम पाण्याच्या नळातून पाणी येतंय ना ते बघा.

विहिरीच्या १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरतं, म्हणजे सत्तर ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा आणि निदान तासभर थांबून मगच वापरा.

पोथ्या यंदाच डोंबिवलीला न्या, कौलारू घरात त्यांना जागा नाही. ठिपके पडलेली पानं उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. पंख्याखाली, सावलीत, पानं सुटी करून दोन दिवस ठेवा. पूर्ण कोरडी झाल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने बुरशी झाडा. ओलं फडकं मुळीच नाही. मग सुती कापडात सैल बांधून, कोरड्या कपाटात, भिंतीला न टेकवता, आडव्या ठेवा. देवघरात ठेवण्यासाठी आधी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून त्यांची छापील प्रत करून घेता येईल.